जळकीवरची हरळी

दरवर्षी श्रावणाच्या आसपास मी वर्गात मृदा प्रदूषणाचा धडा शिकवतो. तीर्थपुरीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून बारा वर्षं झाली, म्हणजे बारा वेळा शिकवला. फळ्यावर कारणं लिहितो: कारखान्याचं सांडपाणी, प्लास्टिक, कीटकनाशकं. पोरं वहीत उतरवून घेतात. बाराही वेळा एक कारण लिहायचं मी टाळलं. ते कारण म्हणजे सर स्वतः. लिहिलं असतं तर पोरं खो-खो हसली असती, पण मी टाळलं ते त्यासाठी नाही. मी मुळात भित्रा माणूस आहे. आमच्याकडं भित्रेपणाला सज्जनपणा म्हणतात, त्यामुळं गावात माझं नाव चांगलं आहे.

आमचं शेत तीर्थपुरी आणि कुंभार पिंपळगावच्या मधल्या शिवारात आहे. काळी, भारी जमीन. पावसाळ्यात पाय सोडत नाही, आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हातातलं खुरपं पडलं तर कोपरापर्यंत हात घालून काढावं लागतं. बांधावर लिंबाचं मोठं झाड आहे आणि त्या झाडाच्या पूर्वेला साधारण दोन गुंठ्यांचा तुकडा आहे. घरात त्याला जळकी म्हणतात. ‘जळकीपाशी डबा ठेवलाय’, ‘जळकीकडून ये’, असं सगळे सहज बोलतात. तो शब्द निघाला की मी दुसरीकडं बघतो. सतरा वर्षं झाली, आता मान आपोआप वळते.

सतरा वर्षांपूर्वी मी बी.एस्सी. होऊन, लग्न होऊन, एका चार वर्षांच्या पोरीचा बाप होऊन घरीच बसलो होतो. नोकरी नव्हती. घरचा ट्रॅक्टर चालवायचो, आणि हात बसल्यावर आसपासच्या लोकांच्या ट्रॅक्टरचं, विहिरीवरच्या इंजिनांचं ऑईलही बदलून द्यायला लागलो. काढलेलं जळकं ऑईल लिंबाखाली ठेवलेल्या मोठ्या लोखंडी ड्रममध्ये साठायचं. जालन्याहून एक भंगारवाला येऊन ते घेऊन जायचा. त्या साली तो बरेच महिने फिरकलाच नाही आणि ड्रम गळ्यापर्यंत भरला.

वैशाखात शेतात मेंढरं बसणार होती. पिकं निघाली की मोकळ्या रानात मेंढपाळांचा कळप बोलावून रात्रभर बसवायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. जाळी लावून कळप कोंडतात, त्या जाळीला वाघूर म्हणतात. मेंढरं रात्रभर तिथं लेंड्या टाकतात, मुततात, आणि ते खत असं की पुढची दोन वर्षं पीक हसतं. रोज संध्याकाळी वाघूर पुढच्या पट्ट्यात हलवायची, म्हणजे सगळं रान खतानं भरून निघतं. बदल्यात मेंढपाळाला ज्वारी आणि मुक्काम असेपर्यंत घरचं कालवण.

आमच्याकडं येणारे मामा जांब समर्थच्या बाजूच्या एका वस्तीवरचे. गावात सगळे त्यांना मामा म्हणत आणि त्यांच्या बायकोला मामी. मामा कमी बोलायचे. ती कसर मामी भरून काढायच्या, आणि त्यांचं नाक त्यांच्या जिभेपेक्षा तिखट होतं. कोकरू कोणत्या मेंढीचं ते हुंगून सांगायच्या. एकदा माझ्या आईच्या चुलीपाशी बसून म्हणाल्या, ‘‘पाटलीणबाई, ज्वारीला ओल लागल्ती न्हाई का? भाकरीला वास येऊन राह्यला.’’ ओल लागली होतीच. आई नंतर दोन दिवस फुगून बसली होती.

मेंढरं यायच्या आदल्या दिवशी वडील बाजाराला निघताना मला म्हणाले, ‘‘ते डबडं लिंबाखालून हलव. जनावरं येणार हैत. आणि एकटा हलवू नको, कोणाला तरी हाताशी घे.’’ मी हो म्हणालो. हाताशी घ्यायला कोणाच्या तरी घरी जावं लागलं असतं, ऊन मी म्हणत होतं, आणि पदवीधर माणसाला ड्रम गडगडवता येत नाही काय? मी तो आडवा केला. झाकणाचं बूच कधीच हरवलेलं होतं. तिथं मीच चिंधी कोंबून वर प्लास्टिक बांधलं होतं. दहा पावलं गेला असेल, तेवढ्यात चिंधी निघाली.

ऑईल भकाभका बाहेर आलं. मी ड्रम उभा करायला धावलो, तर हातच निसटायला लागले. अर्ध्याहून जास्त रिकामा झाल्यावर कुठं तो उभा राहिला. आणि मी बघत होतो तर सांडलेलं ऑईल गायब होत होतं. भेगा ते पीत होत्या. काळ्या जमिनीत काळं ऑईल, थोड्या वेळानं नुसती ओलसर चकाकी राहिली. मला तेव्हा काय वाटलं ते सांगायची आता लाज वाटते. मला हायसं वाटलं.

माझ्या वडिलांनी एका सालगड्याला कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या रानातच पेटवल्या म्हणून भर हंगामात कामावरून काढलं होतं. ‘जमिनीची कातडी भाजली,’ म्हणाले होते. त्यांना हे सांगायची माझी छाती नव्हती. मी ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडला आणि त्या तुकड्यावरून तीन वेळा फिरवला. माती वरखाली झाली, चकाकी गेली. उरलेला ड्रम बांधापलीकडं नेऊन ठेवला. वडील आले, मोकळी जागा बघितली आणि म्हणाले, ‘‘बराबर. नांगरून बी ठेवलंस की.’’

दुसऱ्या दिवशी मेंढरं आली आणि लिंबाची सावली बघून मामांनी पहिली वाघूर तिथंच लावली. बाजूला लावा, एवढं मला म्हणता आलं असतं. काहीतरी थाप मारता आली असती. पुढं आयुष्यभर मारल्याच की. पण मी डबा घेऊन गेलो, मामींच्या हातात कालवण दिलं आणि परत आलो. त्या रात्री मामींना ताप भरला. अंग असं फणफणलं की उठता येईना. वाघूर हलवायला दोन माणसं लागतात, त्यामुळं कळप तीन रात्री त्याच जागी बसला. चौथ्या दिवशी मामी उठल्या, वाघूर पुढं गेली, रान भरून झालं आणि ते लोक गेले.

पाऊस पडला, आम्ही कापूस लावला. सगळ्या रानात रोपं तरारली. लिंबाच्या पूर्वेला मात्र जी उगवली ती पिवळी पडून बसली. पाऊस पडून गेला की तिथं पाणी जिरायचं नाही, मण्यांसारखं वर लोळत राहायचं. वडील रोज जाऊन बघायचे. एक दिवस त्यांनी मुठीत माती घेतली आणि नाकाशी नेली. पण माझे वडील जन्मभर तंबाखू खाणारे, त्यांना नाक कुठं होतं? त्यांनी माती खाली टाकली आणि म्हणाले, ‘‘तीन राती एका जागी कोंडली मेंढरं. मुतानं जाळली जमीन.’’

मी म्हणालो, ‘‘असंल.’’

आयुष्यात मी बरंच काही बोललो आहे. शाळेत तर दिवसभर बोलतो. पण त्या एका शब्दाइतकं जड माझ्या तोंडून काही निघालं नाही.

आठवड्याभरानं कुंभार पिंपळगावच्या बाजारात मामा-मामी भेटले. मी वडिलांच्या मागं पिशवी धरून उभा होतो, पिशवीत भेंडी होती. वडिलांनी सगळ्यांसमोर मामांना धरलं.

‘‘मामा, तीन राती एका जागी जनावरं कोंडता तुम्ही? दोन गुंठे जाळून ठेवले माझे. बी धरून न्हाई राह्यलं तिथं.’’

मामांनी डोक्याचा पटका सारखा केला. ‘‘पाटील, घरची तापली होती. वाघूर हलवाया हात नव्हता. चुकी झाली.’’

‘‘मुतानं कुठं जमीन जळती का?’’ मामी मध्ये पडल्या. ‘‘इतक्या पिढ्या बसवून राह्यलो, कुणाची जळली? त्या रानाला पयलाच वास...’’

‘‘गप बस,’’ मामा म्हणाले.

‘‘न्हाई, लोकरीला बी वास...’’

‘‘गप बस म्हणलं ना! पाटलाच्या रानात वास कुठून येतो?’’

मामी गप्प बसल्या. बसता बसता त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना माझ्याबद्दल काही माहीत होतं असं मला वाटत नाही. बोलणाऱ्या माणसाला गप्प केलं की तो आजूबाजूच्या चार तोंडांकडं बघतो, तसं बघितलं असेल. मी पिशवीतल्या भेंड्या बघत होतो. वाकून वाकून बघत होतो, जशी काय त्यातली प्रत्येक भेंडी मला मोडून बघायची होती.

वडिलांनी ती गोष्ट गावभर सांगितली. त्यांनी खोटेपणानं सांगितली नाही, त्यांचा विश्वासच होता. दुसऱ्या वर्षी मामांना आमच्या शिवारात कोणी बोलावलं नाही. तिसऱ्या वर्षी शेजारच्या गावातूनही नकार आला. पुढं मला नोकरी लागली, मी मोटारसायकलवरून जायला-यायला लागलो, आणि मामांच्या वस्तीकडं जाणारा फाटा आला की मी गाडीचा वेग वाढवायचो. दर वेळी. पेट्रोल जास्त जातं, हे कळूनही.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. शेवटपर्यंत त्यांनी जळकीला मेंढरांची जळकीच मानलं. त्यांना सांगायचं राहून गेलं, असं मी म्हणणार नाही. राहून गेलं म्हणजे मनात तरी होतं. माझ्या मनातच नव्हतं.

आणि मग माझ्या पोरीनं ही मढी उकरली.

ती आता संभाजीनगरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आली ती बाटल्या, बशा आणि चिमटे घेऊनच. तिला झाडांच्या मुळाशी राहणाऱ्या जिवाणूंवर प्रकल्प करायचा होता. कापसाची मुळं घेतली, तुरीची घेतली, मोसंबीची घेतली. मग एका सकाळी जळकीवरून आली आणि म्हणाली, ‘‘पप्पा, जळकीत कापूस येत न्हाई, मंग हरळी कशी येऊन राह्यली?’’

हरळी बांधावरून येत होती. दरवर्षी हातभर पुढं सरकायची. वडील असेपर्यंत ते तिला शिव्या घालत उपटत. ते गेल्यावर कोणी उपटली नाही आणि तिनं अर्धी जळकी धरली. हरळी काय, कुठंही येते, असं मी म्हणालो. पोरीचं समाधान झालं नाही. तिनं हरळीच्या मुळाची माती एका पिशवीत आणि उघड्या जागेतली दुसऱ्या पिशवीत भरली. उघड्या जागेतली माती तिला वाळवायची होती, ऊन नव्हतं, म्हणून तिनं ती स्वयंपाकघरात तव्यावर टाकली.

मी बाहेर पेपर वाचत होतो. आधी बायकोची आरडाओरड ऐकू आली, ‘‘माझा भाकरीचा तवा!’’ आणि मागून तो वास आला. सतरा वर्षांनी, भाकरीच्या तव्यावरून. मी उठलो आणि दारात जाऊन उभा राहिलो.

‘‘पप्पा, हे ऑईल हाय,’’ पोरगी म्हणाली. ‘‘जळकं ऑईल. इथं कधी सांडलं होतं का?’’

माणसाला दुसरी संधी मिळते म्हणतात. मला मिळाली, अगदी ताटात वाढून मिळाली. मी म्हणालो, ‘‘काय माहीत. शेजारच्यांचं इंजिन होतं तिकडं पूर्वी. त्याचं आलं असंल.’’

म्हणजे एका निर्दोष माणसावर घातलेलं पुरलं नाही, आता शेजारीही घेतला. पोरीनं वहीत लिहिलं: प्रदूषणाचं कारण, निश्चित माहीत नाही. तिनं माझ्या शब्दावर शेजाऱ्याचं नाव लिहिलं नाही, एवढी ती माझ्यापेक्षा बरी.

त्यानंतर तिनं ओसरीवर दोन बाटल्या मांडल्या. दोन्हींत पाणी, थोडंसं खतपाणी आणि वर माझ्याच ट्रॅक्टरमधलं चमचाभर जळकं ऑईल. एकीत हरळीच्या मुळाची माती, दुसरीत उघड्या जागेतली. येता-जाता हलवायला आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. पंधरा दिवसांनी उघड्या मातीच्या बाटलीत ऑईलचा तवंग जवळजवळ होता तसाच होता. हरळीच्या बाटलीतला तवंग फाटला होता, त्याचे बारीक तुकडे होऊन पाणी दुधाळ झालं होतं.

‘‘बघा,’’ ती म्हणाली. ‘‘हरळीच्या मुळातून साखरेसारखं काय काय पाझरत असतं. त्याच्या आशेनं जिवाणू मुळाला येऊन चिकटतात. मुळं माती मोकळी करतात, आत हवा जाते. मंग त्यातल्या काही जिवाणूंना ऑईल फोडून खाता येतं. उघड्या मातीत बी असतात ते, पण थोडे आणि उपाशी.’’

‘‘म्हणजे जेवायला आलेले पाहुणे भांडी बी घासून जातात,’’ मी म्हणालो.

‘‘तसंच. पण जादू न्हाई. वर्षं लागतात. ऑईलमधली धातूची भुकटी त्यांना खाता येत न्हाई, ती राहतीच. म्हणून ही हरळी म्हशीला बिलकुल घालायची न्हाई.’’ मग ती वहीत बघत म्हणाली, ‘‘यांची एक अडचण हाय. ऑईल म्हणजे नुसतं तेल. नुसतं तेल पिऊन कोणी जगतं का? त्यांना सोबत नत्र लागतं, स्फुरद लागतं. ते न्हाई म्हणून काम अडतं. इथं चांगलं लेंडीखत पडलं पाहिजे. मेंढराच्या लेंड्या आणि मूत म्हणजे यांना पक्वान्न. ऑईल सांडलं त्याच साली असं खत पडून, पुढं बी पडत राह्यलं असतं, तर जळकी आतापर्यंत कधीच सुधारली असती.’’

मी ओसरीच्या खांबाला टेकलो. पोरीला काय माहीत, पडलं होतं. ऑईल सांडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी पडलं होतं, आणि एक नाही, लागोपाठ तीन रात्री. त्या दोन गुंठ्यांवर पहिला उपचार झाला तो मामांच्या मेंढरांचा. मामी तापल्या नसत्या तर एकाच रात्रीचा झाला असता. ज्याला आम्ही जाळणारा म्हटलं, तोच एकटा त्या मातीच्या कामी आला होता. आणि आम्ही त्यालाच हाकलून पुढची सोळा वर्षं तिथं लेंडी पडू दिली नाही.

मला खूप वेळा वाटून गेलं आहे की आपण वाईट माणूस आहोत. त्या सकाळी वाटलं की आपण वाईट आणि शिवाय मूर्ख आहोत. मूर्खपणाचं जास्त लागलं, हेही खरं सांगतो.

‘‘शेजारच्यांचं इंजिन नव्हतं,’’ मी पोरीला म्हणालो. आणि सगळं सांगितलं. ड्रम, चिंधी, रोटाव्हेटर, भेंड्या. ती ऐकत राहिली. हातातली बाटली हलवायची थांबली नाही, तेवढंच. शेवटी म्हणाली, ‘‘त्या मामांना सांगितलं का?’’

‘‘न्हाई.’’

‘‘मंग मला काहून सांगून राह्यले?’’

पुढच्या रविवारी मी मोटारसायकल काढली. निघताना मनात सबब तयार ठेवली होती: लेंडीखत पाहिजे. सबबीशिवाय मला कुठं जाता येत नाही. फाट्यावर या वेळी वेग वाढवला नाही, उलट गाडी इतकी हळू झाली की बंद पडली.

मामा वस्तीवरच्या घरासमोर बाजेवर बसले होते. खूप वाळले होते. कोपऱ्यात काट्यांच्या कुंपणात अकरा मेंढरं होती. पोरं जालन्याला कामाला गेली, सून तेवढी इथं असते, असं त्यांनीच सांगितलं. मला ओळखायला थोडा वेळ लागला, मग एकदम उठून उभे राहिले. ‘‘मास्तर! पाटलाचे मास्तर! या, बसा. पाटील गेले म्हणं. यायचं राह्यलं माझं. कोणत्या तोंडानं येऊ? तुमच्या रानाची माती केल्ती मी.’’

लेंडीखताची सबब तोंडातच राहिली. मी म्हणालो, ‘‘मामी कुठं हैत?’’

‘‘मामी गेली. तीन साल झाले.’’

सुनेनं पाणी आणून ठेवलं. मी ते न पिताच बोलायला लागलो, कारण पाणी प्यालो असतो तर पुन्हा भेंड्याच बघत बसलो असतो. जमीन मेंढरांनी जाळली नाही, म्हणालो. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी माझ्या हातून जळक्या ऑईलचा ड्रम सांडला. मी वरून रोटाव्हेटर फिरवला आणि कोणाला सांगितलं नाही. बाजारात मी उभा होतो, तरी बोललो नाही. उलट तुमच्या मेंढरांच्या खतानं त्या मातीचं भलंच झालं, असं माझी पोरगी म्हणती.

मामा मेंढरांकडं वळून बसले. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

‘‘ऑईल,’’ ते म्हणाले. ‘‘ती म्हणायची. त्या साली लोकर कातरली तर पोटाची लोकर काळी चिकट निघाली. कोणी घेतली न्हाई. ती म्हणायची, याला इंजिनचा वास येतो. पाटलाच्या रानातच लागलं हे. मी म्हणलो, स्वतःच्या तापाचं खापर पाटलावर फोडती का?’’

‘‘मामा, माझं चुकलं,’’ मी म्हणालो. तेवढंच सुचलं.

ते मला उद्देशून बोलतच नव्हते. ‘‘कुठं रान मागाया गेल्तो आणि न्हाई म्हणले, की घरी येऊन तिलाच बोलायचो. तुझ्या तापानं माझं नाव घालवलं. कळप इकला तवा बी बोललो. पयले पयले भांडायची, मंग भांडायची सोडली.’’ त्यांनी पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. ‘‘मरायच्या आधी चार दिवस तापात होती. नुसती बडबडायची. वाघूर हलवा, वाघूर हलवा, म्हणायची. माझ्यासाठी थांबू नका, जल्दी हलवा.’’

मी रडलो. रडायचा हक्क नव्हता, पण रडलो. मामांनी मला गप्प केलं नाही आणि जवळही घेतलं नाही. थोड्या वेळानं सुनेला म्हणाले, ‘‘मास्तरला चहा दे.’’ आणि उठून मेंढरांत जाऊन उभे राहिले. चहा पिऊन मी निघालो तरी ते वळले नाहीत.

गावात मी ही गोष्ट सांगितली. बाजारच्या दिवशी कुंभार पिंपळगावला चहाच्या टपरीवर मुद्दाम मोठ्यानं सांगितली, जिथं वडिलांनी मामांना धरलं होतं त्याच्या समोर. दोन-चार म्हातारे होते. एक जण म्हणाला, ‘‘जाऊ द्या मास्तर, जुनी गोष्ट हाय.’’ दुसरा म्हणाला, ‘‘तुमच्यासारखा सरळ माणूस न्हाई बघा, स्वतः होऊन सांगून राह्यला.’’ म्हणजे कबुलीतूनही मीच चांगला ठरलो. संताप आला, आणि ज्याच्यावर काढावा असा समोर कोणी नव्हता.

पंधरा दिवसांनी, पोरगी शनिवार-रविवारसाठी पुन्हा घरी आली होती तेव्हा, मला काही निरोप नसताना, एक छोटा टेम्पो शेतात आला. पुढं ड्रायव्हरशेजारी मामा, मागं लेंडीखताची पोती. लेंडीखत पाहिजे, हे मी त्या दिवशी बोललोच नव्हतो. पोरीनं त्यांच्या सुनेचा नंबर मिळवून परस्पर विचारलं होतं. मेंढरं आणू नका, त्या जागेवर त्यांना बसवायचं नाही, खतच आणा, असंही तिनं बजावलं होतं. वहीतली जुनी ओळ तिनं खोडली होती आणि तिथं लिहिलं होतं: जळकं ऑईल, माझ्या वडिलांच्या हातून. मी ते वाचलं आणि वही मिटून परत दिली.

मामा खाली उतरले. मी पुढं झालो तर माझ्या हाताला हात न लावता काठी टेकत जळकीपर्यंत आले. ‘‘हीच का?’’ म्हणाले. पोरगी त्यांना आजोबा म्हणत सगळं दाखवत होती, हरळी कुठपर्यंत आली, पूर्वी कुठं होती. मामांनी हरळीचं एक मूळ मातीसकट उपटलं, त्याच्याकडं उलटसुलट बघितलं. मग ते गुडघ्यावर बसले, उघड्या जागेतली मूठभर माती घेतली, बोटांनी चुरली आणि नाकाशी नेली. आम्ही दोघं थांबलो. त्यांनी एकदा हुंगली, दोनदा हुंगली.

‘‘मला तर वास येत न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘तिला आला असता.’’